मुलाचं निदान कुणाकुणाला सांगायचं? (ऑटिझम, एडीएचडी आणि भरलेलं घर)

कळंबा_रोड
नमस्कार. इथं बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहायची वेळ आली.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. गेल्या महिन्यात पुण्यात तपासण्या झाल्या आणि निदान हातात पडलं: ऑटिझम स्पेक्ट्रम (माणसांत मिसळणं, त्यांच्या खाणाखुणा ओळखणं जड), पहिली म्हणजे सगळ्यात सौम्य पातळी, जोडीला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चळवळ फार). डॉक्टर म्हणाल्या, पूर्वी आला असता तर कागदावर अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम लिहिलं असतं.

पोरगं बोलायला वेळेत लागलं, वाचायला तर वेळेआधी. पावसाळ्यात उठल्या उठल्या त्याला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी लागते. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कुठला उघडला, कुठला मिटला, सगळं तोंडपाठ. पाहुण्यांच्या हातात पाण्याचा तांब्या जायच्या आधी त्यांना पातळी कळलेली असते. पण दप्तर भरायला बसवलं की अर्ध्या तासानं एक वही आत आणि हा खिडकीत. मधल्या सुट्टीत एकटाच. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून मोरीत जाऊन बसतो.

अडलंय ते सांगण्यापाशी. मिस्टर म्हणतात, कुणाला कळता कामा नये, पोराला जन्मभराचा शिक्का बसेल. सासूबाईंच्या मते लाडानं बिघडलंय. शाळेतून डायरीत शेरा येतो, 'घरी शिस्त लावा'. तर शाळेला सांगायचं का? घरच्या मोठ्यांना किती सांगायचं? आणि त्याला स्वतःला? परवा झोपताना विचारतो, "आई, मी येडा हाय काय? सगळी म्हणतात." मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, "मग काय हाय?" त्याचं उत्तर मला द्यायचंय.

तिकटी
ताई, पाटबंधारे खात्यात याची खुर्ची आत्ताच राखून ठेवा. :) रात्री नीट लिहितो, पुतण्या याच वाटेनं गेलाय.

सांगलीकर
आमच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी धरतो का हिशोबात?

कळंबा_रोड
@सांगलीकर, धरतो. इशारा ४०, धोका ४५. सांगलीच्या मावशीला त्यासाठी फोन असतो.

पेठेतला
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळेला असलं काय नव्हतं. वर्गात दोन-चार पोरं चळवळी असायची, दोन-चार घुमी. तालमीत घातली की सरळ व्हायची. आता प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव आणि फाइल. मोबाइल काढून घ्या, पहाटे उठवा, मातीत लोळू दे. आणि निदान-बिदान कुणाला सांगत बसू नका, गावात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही.

गवती_चहा
@पेठेतला, तुमच्या वेळी होतं. ती पोरं सातवीनंतर वर्गात दिसायची बंद झाली, एवढंच. माझा थोरला मामा त्यातला. गल्लीतला प्रत्येक रेडिओ त्यानं उघडून परत जोडलेला, पण एका नोकरीत वर्षभर टिकला नाही. गल्लीनं त्याला 'येडा' म्हणूनच ओळखलं आणि तो गेला तेव्हाही तेच नाव तोंडात होतं. त्याला तालमीतही घातला होता.

मोबाइलनं एडीएचडी होत नाही. बघायचं ते वेगळं असतं: लक्षणं बारा वर्षांच्या आतली आहेत का, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का. व्यायामाचं मात्र तुमचं बरोबर आहे. माझी लेक सकाळी पोहून आली की पहिले दोन तास तरी तिचं वर्गात लक्ष टिकतं.

पांढरा_कोट
मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथं कुणाचा इलाज करणार नाही, फक्त माहिती देतो.

अ‍ॅस्पर्जर हे वेगळं निदान १९९४ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत आलं. बोलायला उशीर नाही, बुद्धी सर्वसाधारण किंवा वरची, पण माणसांमधल्या न बोललेल्या खाणाखुणा कळायला जड, आणि आवडी मोजक्या पण खोल. २०१३ च्या आवृत्तीत ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये सामावलं. त्याच आवृत्तीनं आणखी एक जुना नियम काढून टाकला. आधी ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान सोबत करता येत नसे, आता येतं. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र असणारी मुलं पुष्कळ आहेत. पूर्वी यांच्या कागदावर अर्धीच गोष्ट यायची आणि उपायही अर्धेच व्हायचे.

सासूबाईंसाठी: दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लाडानं होत नाही, धाक कमी पडल्यानं होत नाही, लसीनं तर नाहीच. लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'नं २०१० मध्ये मागे घेतला.

जुनी_वही
अवांतर, पण माहीत असावं. हान्स अ‍ॅस्पर्जर हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ, त्यांचा निबंध १९४४ चा. तो बराच काळ जर्मनबाहेर फारसा पोचला नाही. १९८१ मध्ये लॉर्ना विंग या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 'अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. त्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या. पुढं २०१८ मध्ये कागदपत्रांवरून पुढे आलं की नाझी काळात अ‍ॅस्पर्जर यांनी काही मुलांना अशा संस्थेत पाठवलं होतं, जिथं मुलांना मारलं जात होतं. म्हणून अनेक जण आता हे नाव वापरत नाहीत. काहींना मात्र ते सोडवत नाही, कारण त्यांची ओळखच त्या शब्दानं झाली. दोन्ही बाजू मला समजतात.

शाळेतल्या_बाई
ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवते, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या बाजूनं देते. सांगा. पण तपासणीचा जाडजूड अहवाल वर्गशिक्षिकेच्या हातात देऊ नका. पन्नास-साठ पोरांच्या वर्गात तो वाचला जात नाही, कपाटात जातो. एक पान लिहा. वर त्याला काय छान येतं ते. खाली त्याला काय जड जातं, आणि तेव्हा तुम्ही घरी काय करता. सही तुमची दोघांची.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. एकदा त्याला एक बाई चिडून म्हणाल्या, "बाहेर जा." तो गेला. तास संपला तरी दिसेना, सगळी शाळा शोधायला लागली. फाटकाबाहेरच्या रसवंतीच्या बाकड्यावर शांत बसलेला सापडला. म्हणाला, "बाहेर म्हणालात, कुठपर्यंत ते नाही सांगितलं." त्याला उद्धट ठरवलं गेलं. खरं तर त्या दिवशी शाळेत सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा तोच एक होता.

मी पुढं त्याच्यापुरतं एवढंच केलं: एका वेळी एकच सूचना. 'वही काढा, तारीख घाला, पान बावीस उघडा, पहिली तीन गणितं सोडवा' असं एका दमात नाही. जागा दार आणि खिडकी दोन्हींपासून लांब, माझ्या टेबलाजवळ. तास बदलायच्या आधी त्याच्या बाकावर बोटानं टकटक, म्हणजे आता पाच मिनिटं उरली. आणि खडू आणायला, हजेरीपट द्यायला कायम त्यालाच पाठवायचं, म्हणजे पायांना काम. यातल्या एकालाही पैसे लागत नाहीत.

पेठेतला
बाई, साठ पोरांत एकाला असं वागवायचं तर बाकीच्या ५९ नी काय करायचं?

शाळेतल्या_बाई
एकेक सूचना दिली तर बाकीच्यांचंही बरं चालतं. माझ्या वर्गात चाललं.

आबा_शाहूपुरी
सूनबाईंनी धागा दाखवला म्हणून लिहितोय. नातू अकरा वर्षांचा, हेच सगळं.

मोठ्या माणसांना कसं सांगायचं ते मोठ्या माणसाकडनं ऐका. आम्हाला सिंड्रोम समजावत बसू नका. आमची म्हातारी तर पोराला आजार म्हटलं की देवाला अंगारा मागायला लागते, मग रडारड. तिला काम द्या. आमच्या घरात हिला काम दिलंय ते वेळेचं. पोराला कुठं बाहेर न्यायचं असलं, जेवायला बसवायचं असलं की आधी आजी दोनदा सांगून येते, 'दहा मिनिटं राहिली', 'पाच मिनिटं राहिली'. ते झाल्यापासून जेवणाच्या वेळचा आरडाओरडा लई कमी झाला. आणि उपाय आपल्या हातनं लागू पडतोय म्हटल्यावर आता हीच पावण्यांना सांगत असती, 'त्याला एकदम उठवू नका, त्याचा मेंदू गिअर सावकाश टाकतोय.'

दुसरं गणपतीचं. आमच्या गल्लीत डॉल्बी लागला की पोरगं भिंतीला डोकं आपटून घ्यायचं. आता विसर्जनाला आम्ही दोघं पन्हाळ्याला जातो, बाकीचं घर मिरवणुकीत. चारजण म्हणाले, 'आबा, गणपतीला घर सोडून जाताय?' मी म्हटलं, देव काय तिथं न्हाई व्हय?

रुईफूल
आबा, तुमच्या घरच्या आजींना नमस्कार सांगा.

नदीकाठ
तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तो माझा आहे. मी छत्तीस वर्षांचा. दोन्ही निदानं तेहतिसाव्या वर्षी झाली, बायकोनं हट्टानं नेलं म्हणून.

शाळेत मी 'हुशार पण ऐदी'. निबंधाच्या पेपरात पहिल्याच प्रश्नाला पुरवण्या लावत बसायचो आणि बाकीचा पेपर कोरा. घरी 'माणूसघाणा', कारण लग्नाच्या हॉलमध्ये चार माणसं एकदम बोलली की मला शब्द वेगळे होत नाहीत, सगळा एकच कल्ला कानात शिरतो. आता शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत पॅटर्नचं डिझाइन करतो. तिथला आवाज हॉलपेक्षा कितीतरी मोठा, पण तो चालतो, कारण कुठलं मशीन कधी वाजणार ते मला ठाऊक असतं. साच्यात धातू कुठं आधी थिजेल आणि कुठं पोकळी राहील हे ड्रॉइंग बघून मला दिसतं. त्याचे मला पैसे मिळतात. त्याच डोक्याला विजेचं बिल भरायचं आठवत नाही.

@पेठेतला काका, तुम्ही आणि ताईंचे मिस्टर शिक्क्याला भिता. शिक्का नऊ वर्षांच्या पोरावर आधीच बसलाय, त्यानं तो आईला विचारूनही दाखवला. प्रश्न एवढाच आहे की गल्लीनं दिलेला ठेवायचा की खरा सांगायचा. मला तेहतीस वर्षं कुणी खरं सांगितलं नाही, तेव्हा मी मला मिळालेल्या नावांवरच विश्वास ठेवला. आळशी आहे, मुद्दाम करतोय, जीव नाही लावत. हे एकदा आत बसलं की औषधानं निघत नाही. चिंतेचा त्रास मला त्यातूनच सुरू झाला, आणि त्याचा इलाज निदानापेक्षा लांबला.

कळल्यावर घर बदललं ते असं. दाराशी एकच खुंटी, किल्ली तिथंच. बिलं बँकेतून परस्पर जातात. बायको 'जरा घर आवर' म्हणत नाही, 'ताटं बेसिनमध्ये ठेव' म्हणते, आणि मी ठेवतो. मी चिडून आत गेलो की ती पाठोपाठ येत नाही. अर्ध्या तासानं मी बाहेर येतो आणि मग बोलतो.

ताई, त्याला सांगा. पाटावर बसवून 'तुला एक गोष्ट सांगायची आहे' असं गंभीर तोंड करून नको, तो घाबरेल. गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, जिथं डोळ्यांत बघायची सक्ती नाही अशा वेळी. आधी त्याला जमतं ते सांगा, मग जड जातं ते, मग त्याला नाव आहे हे. आणि असे पुष्कळ लोक आहेत, त्यातला एक शिरोलीत आहे, हेही सांगा.

तिकटी
नदीकाठ, यापुढं मी काय लिहू? तरी पुतण्याचं सांगतो. त्याला रेल्वेचा नाद. चिडला की बोलता यायचं नाही, हात चालायचा. थेरपिस्ट बाईंनी रागाची स्टेशनं केली. कोल्हापूरला शांत, मिरजेला कुरकुर, पुढं पुण्यापर्यंत. आता तो येऊन म्हणतो, "काका, कराड आलं," आणि आम्ही त्याला बाहेर नेतो. ताई, तुमच्याकडं तर तयार फूटपट्टी आहे. त्यालाच विचारा, आज पातळी किती?

शाळेतल्या_बाई
वा! हे मी पण वर्गात वापरणार.

रुईफूल
औषधाबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मुलीला एडीएचडी आहे, डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट ही गोळी सुरू केलीय. जाऊबाई म्हणतात, पोरं गुंगीत राहतात, सवय लागते.

पांढरा_कोट
ते गुंगीचं औषध नाही, उत्तेजक गटातलं आहे. कायद्यानं नियंत्रित आहे, म्हणून चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळूही नये. मूल सुन्न, मलूल दिसायला लागलं तर मात्रा जास्त असू शकते, लगेच डॉक्टरांना सांगायचं. भूक कमी होणं नेहमीचं. दुपारचा डबा परत येतो, म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता आणि रात्री पुन्हा भरपेट. झोप उशिरा येऊ शकते. उंची, वजन, नाडी, रक्तदाब यांची नोंद ठेवतात. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल तर आधी सांगा. हे सोसलं नाही तर अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखा पर्याय असतो, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. देखरेखीखाली औषध घेतलेल्या मुलांना त्यामुळं पुढं व्यसन जास्त लागतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांना प्रशिक्षण, औषध नंतर.

आणि औषध एडीएचडीला मदत करतं. ऑटिझमच्या मूळ गोष्टींवर गोळी नाही. तसं सांगून काही विकत असेल, पावडर असो की डाएट, तर पैसे जपा.

पेठेतला
गोळ्यांच्या बाबतीत माझं मत बदललं नाही. लहान पोराला डोक्याचं औषध मला पटत नाही.

गवती_चहा
नका पटवून घेऊ काका. माझ्या लेकीला दोन वर्षं चालू आहे. पहिल्याच महिन्यात तिनं स्वतःहून एक धडा अखेरपर्यंत वाचला आणि येऊन म्हणाली, "आई, बाकीच्यांना रोज असंच वाटतं?" ती आता पंधराची. तिचं निदानच तेराव्या वर्षी झालं, कारण मुली गप्प बसून बाकीच्या मुलींची नक्कल करतात, वर्गात त्रास देत नाहीत, म्हणून कुणी बघत नाही. शाळेत दिवसभर हसून घरी आली की दप्तर फेकून दोन तास अंधाऱ्या खोलीत. सगळे म्हणायचे, 'घरी लाडावलीय, शाळेत किती शहाणी असते.'

कळंबा_रोड
सगळ्यांची आभारी आहे. हा धागा मिस्टरांनी दुकान बंद केल्यावर अखेरपर्यंत वाचला. नदीकाठ यांचा प्रतिसाद परत वाचला. मग म्हणाले, "मला पण लग्नात तसंच होतंय, मी कधी बोललो नाही." डॉक्टरांनी आनुवंशिकतेचं लिहिलंय ते आम्हा दोघांच्याही डोक्यात आहे, पण तो विषय नंतर.

मुलाला सांगितलं. कळंबा तलावाकडं स्कूटरवरनं जाताना, तो मागं बसलेला. म्हटलं, तुला आकडे पटकन बसतात, खोटं बोलता येत नाही, आणि आवाज व गडबड तुला आमच्यापेक्षा जास्त लागते. तुझा मेंदू तसा बांधलेला आहे, त्याला ऑटिझम म्हणतात, आणि लक्ष उड्या मारतं त्याला एडीएचडी. मागनं प्रश्न आला, "बरं होणार का?" मी खरं तेच सांगितलं, की जाणारं हे नाही, पण सोपं करता येतं. मग म्हणाला, "म्हणजे येडा नाही." मी म्हटलं, नाही. लगेच धरणाचा विषय सुरू.

पातळी चालू झाली. काल सासूबाई पाहुण्यांसमोर त्याला पाढे म्हणायला लावत होत्या, तर म्हणाला, "आजी, बेचाळीस." आणि आत गेला. त्यांना काही कळलं नाही. मी समजावलं, धोक्याच्या पातळीला एकच फूट राहिलं होतं. आता त्याच विचारत असतात, "किती झाली रे?" आबा, तुमचं म्हणणं खरं ठरलं.

शाळेचं एक पान लिहिलंय, सोमवारी भेटणार. दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल मात्र मिस्टर अजून तयार नाहीत. ते काढावंच लागतं का?

गवती_चहा
सक्ती अजिबात नाही, आणि शाळेला सांगणं वेगळं, प्रमाणपत्र वेगळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढं, ऑटिझमसाठी ठरलेल्या चाचणीवर गुण मोजतात. चौथीत घाई नाही, पण दहावीला जादा वेळ हवा असेल तर तेव्हा धावपळ करण्यापेक्षा सातवी-आठवीत काढून ठेवा. ऑटिझमला केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना पण आहे, एक लाखापर्यंतची, थेरपीचा खर्चही त्यात येतो. जाताना आधार कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळवून घ्या, आमचं तिथंच अडलं होतं.

पेठेतला
कळंबा_रोड ताई, आमच्या तालमीत सकाळी गर्दी नसते. वस्तादांशी बोललोय, आवाज चढवणार नाहीत. पोराला घेऊन या.

कळंबा_रोड
काका, त्याला अंगाला माती लागलेली चालत नाही. पण दोर चढलेला बघायला आवडेल. बघायला आणलं तर चालेल?

पेठेतला
चालेल की. आधी कळवा, त्या दिवशी हलगी वाजवू देत नाही.

रुईफूल
@गवती_चहा, पाळी सुरू झाल्यावर तुमच्या लेकीचं काय बदललं त्यावर लिहाल का? माझी बाराची झाली, त्या चार दिवसांत गोळीचा परिणामच जाणवत नाही असं म्हणते.

गवती_चहा
आमच्याकडंही तसंच होतं. वेगळा धागा काढते, इथं बुडून जाईल. उद्या रात्री लिहिते. @पांढरा_कोट, तिथं याल का?

पांढरा_कोट
येतो.